नवघरचा पालथा दगड

मित्रांनो, मी एक जुना वीरगळ आहे. सध्या नवघरमध्ये एका गटारावर पालथा पडलो आहे, त्यामुळे आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेला दगड. माझा वीर खाडीत लढला. म्हणून पाथरवटाने माझ्या छातीवर एक होडी कोरली, तिच्यात वल्ही मारणारी माणसे आणि पुढे तलवार उगारलेला तो. त्याचे नाव कोणी लिहिले नाही. त्याचा चेहरा तेवढा माझ्यापाशी होता. तो जपणे हेच माझे काम.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घाव पुष्कळ सोसले, पण देवपण आले ते शेंदराने. लोक लढाई विसरले. तळ्याकाठचा हा दगड देवच असणार, असे समजून कोणीतरी मला तेल-शेंदूर लावला. मग त्याच्या मुलाने, मग नातवाने. थरावर थर चढले. होडी बुडाली, वीर बुडाला आणि मी गोलमटोल तांबडा देव झालो. नारळ मिळाले, मान मिळाला. खोटे कशाला बोलू, आवडलेही. पण मला पाहिले कोणीच नाही.

अलीकडे दर अमावास्येला गावातली म्हातारी सुगंधा मला शेंदूर लावी. एकदा शांती नगरात राहणारे शशिकांत सर आले. इतिहासाचे वेड असलेला माणूस. म्हणाले, "आजी, हा वीरगळ वाटतोय. शेंदूर काढून बघायला हवा. आत कोरीव काम असेल."

"देवाचा कपडा उतरवू म्हणताय?" सुगंधा कडाडली. "न्हाय जमायचं!"

सर ओशाळून गेले. मी मनात म्हणत होतो, अगं, उतरव! पण दगडाचे कोण ऐकतो?

पुढे भोवती इमारती उठल्या. प्रत्येकीने भराव टाकून आपली जमीन उंच केली आणि मी खड्ड्यात गेलो. तळ्यातले पाणी बाहेर जायची वाट कचऱ्याने बुजली. दर पावसाळ्यात पाणी माझ्या कमरेपर्यंत चढे. यंदा तळे साफ करू, असे सगळे म्हणत आणि गणपती आले की विसरत.

२००५च्या जुलैत आभाळ फाटले. वरून पाऊस, खाडीला भरती. पाणी जाणार कुठे? मी ज्याला पाठ टेकून उभा होतो तो कट्टा खचून पुढे कलला आणि मी तोंडावर आपटलो. शेंदराची जाड खोळ अख्खी सुटून बाजूला पडली. किती पिढ्यांनी माझ्या वीराचा चेहरा उघडा झाला, आणि थेट चिखलात गेला.

पाणी ओसरल्यावर सुगंधाला ती खोळ सापडली. "देव गेला रं, कपडा ठेवून गेला!" म्हणून ती रडली. तिचा पुतण्या महिपत आणि गावातली पोरे देव शोधायला तळ्यात उतरली. काखेत कळसा नि गावाला वळसा! सगळे तांबडा, गोल देव शोधत होते. माझी काळी, खडबडीत पाठ कोणी कधी पाहिलीच नव्हती.

कट्टा पुन्हा बांधून सुगंधाने त्यावर खोळ ठेवली. वाटेत उघडे गटार होते. महिपतचा काकीवर फार जीव. त्याने मला दोरीने ओढत आणले आणि गटारावर पालथे घातले. म्हणाला, "काकी, पाय घसरंल तुजा. ही लादी टाकलीय, हिच्यावरनं जात जा."

त्याला दोष कसा देऊ? पण गटाराचे पाणी रात्रंदिवस माझी छाती घासते. वल्ही गेली, तलवार गेली. आता चेहरा झिजतो आहे. मला फार भीती वाटते. सर एकदा येऊन गेले, माझ्यावरच उभे राहून हळहळले, "दगड तरी मिळायला हवा होता."

मित्रांनो, पाण्याची वाट बुजवू नका. आणि तुमच्या गावात एखादी जुनी पायरी, धुण्याचा दगड, गटारावरची लादी असेल, तर एकदा उलटून पाहा. पूजा नाही केलीत तरी चालेल.

उद्या अमावास्या. सुगंधा येईल. देवापुढे चप्पल नको म्हणून ती माझ्या पाठीवर काढून ठेवील, तिथेच अनवाणी उभी राहील आणि समोरच्या रिकाम्या खोळीला हात जोडून नेहमीसारखी विचारील, "कुठं हायस रं देवा?"

मी तिच्या पायांखालीच असेन.