कपाटातले दिवे

माझा नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. पंचवीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्याला एक सवय लागली आहे. समोरचा बोलायला लागला की याचा पाय जमिनीवर ब्रेक दाबतो. घरातही.

येशू स्वतः हनुक्काच्या, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या, दिवसांत मंदिरात हिंडला होता, हे त्याला एका रविवारी चर्चमध्ये कळलं. घरी येईपर्यंत हनुक्का आमचाच सण झाला होता. दोन हजार वर्षं आपण विसरूनच गेलो होतो, असं तो म्हणाला, जणू बसमध्ये छत्री विसरलो होतो. सासूबाईंनी विचारलं, मग यंदा नाताळ नाही का? नाताळही होणार, असं कळलं. घर दोनदा कोण आवरणार, हे त्यांनी विचारलं नाही. त्या फक्त माझ्याकडे बघत राहिल्या.

चर्चच्या मंडळाची निवडणूक जानेवारीत होती. हे मी फक्त नोंदवून ठेवते.

आमच्या शेजारच्या घरात एक खरीखुरी ज्यू बाई राहते, आणि तिला बोलावल्याशिवाय आमच्या घरच्या हनुक्काच्या कार्यक्रमाला वजन येणार नव्हतं. तिचं पूर्वी चष्म्याचं दुकान होतं. सगळे तिला मावशी म्हणतात. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे दिवसभर बाटल्यांशी बोलायचं नसतं आणि घरी बोलायला जागा मिळत नाही. शनिवारी अंधार पडला की मी मावशीकडे चहाला जाते. तिथे बोललं तरी चालतं, न बोललं तरी चालतं. असं दुसरं घर मला नाही.

मागच्या हिवाळ्यात तिने मला एक गोष्ट सांगितली होती. हनुक्काचे दिवे खिडकीत ठेवायचे असतात, रस्त्यावरच्या माणसांना दिसावेत म्हणून. तिची आई मात्र ते स्वयंपाकघरातल्या कपाटात लावायची, दार बोटभर उघडं ठेवून. वडिलांचं त्याच रस्त्यावर दुकान होतं आणि आपण कोण हे गिऱ्हाइकांना कळू नये असं त्यांना वाटे. त्यांना कुणी कधी काही केलं नव्हतं. त्यांना नुसती लाज वाटायची. मावशी म्हणाली, हे इथेच राहू दे. मी हो म्हटलं.

आणि मग एका दुपारी मी आणि नवरा चादरीच्या घड्या घालत होतो. कार्यक्रमात सांगायला काळजाला भिडेल असं काही सापडत नाही, म्हणून तो कुरकुरत होता. मी म्हणाले, मावशीची आई कपाटात दिवे लावायची. एवढं एकच वाक्य. तो चादरीचं टोक धरून थांबला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या पायाने ब्रेक दाबला नाही. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी ते बोलले, दुसरं कारण नाही. कपाटात का, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. निम्मंच सांगितलं म्हणजे निम्मंच चुकलं, असा माझा हिशेब होता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत बावीस माणसं होती, शिवाय फादर. नवऱ्याने पहिल्याच दिवशी नऊच्या नऊ मेणबत्त्या पेटवल्या. रोज एक वाढवायची असते हे त्याला ठाऊक होतं, पण माणसं आजच येणार होती. मावशी चांगला कोट घालून मानाच्या खुर्चीत बसली होती आणि तो तिला तिचा सण समजावून सांगत होता. मधली, बाकीच्या पेटवणारी मेणबत्ती म्हणजे आपला प्रभू, असं त्याने जाहीर केलं. मावशी हळूच म्हणाली, की त्या मेणबत्तीला नोकर म्हणतात. नवरा म्हणाला, तेच तर मी सांगतोय.

मग त्याने घरातले दिवे बंद केले आणि मेणबत्त्यांच्या उजेडात शुभवर्तमान उघडलं. मावशी माझ्याकडे झुकली. हा उजेड कुठल्याही कामाला वापरायचा नसतो, नुसता बघायचा असतो, असं तिने कुजबुजत सांगितलं. मी विचारलं, थांबवू का त्याला?

"राहू दे," ती म्हणाली. "तो वाचत नाहीये. त्याला पाठ आहे."

इथपर्यंत ती मजेत होती. मग नवऱ्याने पुस्तक मिटलं आणि कपाटाची गोष्ट सुरू केली. कपाट होतंच. त्याच्या जोडीला सैनिक होते, जिन्यावर बुटांचे आवाज होते, आणि आईने तोंडावर हात दाबून धरलेलं एक बाळ होतं. भजनमंडळातल्या एक बाई रुमाल काढून रडायला लागल्या. मावशी माझ्याकडे बघत होती. दुकानात नवा चष्मा घातलेल्या गिऱ्हाइकाला ती अशीच न्याहाळायची: आता नीट दिसतंय ना?

मी स्वयंपाकघरात गेले. रिकामी बशी घेऊन ती माझ्या मागे आली.

"कपाट कुणी दिलं त्याला?"

"मी."

"आणि सैनिक?"

"ते त्याचे."

"बाळ?"

"बाळही त्याचंच."

"मी एकुलती एक. म्हणजे बाळ मीच असणार." तिने बशी विसळायला ठेवली. "आणि माझे वडील?"

"त्यांच्याबद्दल मी काही बोलले नाही."

"अजून तरी," मावशी म्हणाली.

बाहेरून आम्हाला हाका आल्या. फादरना ही गोष्ट चर्चच्या नववर्षाच्या अंकात हवी होती, मावशीच्या फोटोसकट. नवरा म्हणत होता, अगदी आनंदाने, मीच लिहून देतो.

मी म्हणाले, की ती छापता येणार नाही. सैनिक नव्हते.

नवरा हसला. गाडी बंद पाडलेल्या शिकाऊ माणसाकडे बघून तो असंच हसतो.

"अगं, मग कपाटात कशाला लावेल कोणी दिवे? सांग ना सगळ्यांना."

उत्तर मला माहीत होतं, आणि मावशीशिवाय त्या खोलीत ते फक्त मलाच माहीत होतं. प्रयोगशाळेतल्या एकोणीस वर्षांत मी एकही आकडा बदललेला नाही. एका नगरसेवकाच्या विहिरीचा अहवाल मी तीन वेळा तोच दिला, तीन वेळा त्याने फोन करूनही.

"पडदे नवीन होते," मी म्हणाले. "पेट घेतील म्हणून."

सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"निळे," ती म्हणाली. "खाली झालर होती. त्या पडद्यांपुढे आई देवाचंसुद्धा ऐकायची नाही."

भजनमंडळातल्या बाईंनी रुमाल पर्समध्ये टाकला, काहीसा रागानेच. अंकात जागा तशी कमीच आहे, असं म्हणत फादर तळलेल्या बटाट्याच्या पॅटिसकडे वळले. सासूबाई म्हणाल्या, की पडदे काढून ठेवता आले असते. नवरा मेणबत्त्यांवरचं मेण नखाने खरवडत उभा राहिला. सैनिकांशिवाय तो अगदी एकटा दिसत होता.

मी मावशीला दारापर्यंत सोडायला गेले. माझं चुकलं, असं म्हणाले. तिने कोटाची सगळी बटणं लावली.

"शनिवारी ये," ती म्हणाली. "पण काही दिवस मी थंडी आणि गुडघे एवढंच बोलणार आहे."

मी म्हटलं, चालेल. किती दिवस ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.