एकविसाव्या मजल्यावरची भिंत

त्याला सगळे ओळंबा म्हणत. एक तर तो अंगाने दोरीसारखा होता आणि चालताना त्याचं डोकं जराही डुलत नसे. दुसरं म्हणजे त्याने गिलावा केलेल्या भिंतीला खरा ओळंबा, दोरीला टांगलेला लोखंडी गोळा, लावला, तर आपणच वाकडे आहोत की काय अशी शंका त्या ओळंब्याला यावी, असं लोक सांगत. लोक म्हणजे जुने लोक. नव्यांनी त्याचं काम पाहिलेलंच नव्हतं, कारण गेली अकरा वर्षं तो एकच भिंत करत होता.

ही भिंत कंपनीच्या इमारतीत, एकविसाव्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत होती. बारा फूट लांब, दहा फूट उंच. बाकीची इमारत केव्हाच उभी राहिली होती. खाली कारंजं होतं, चार लिफ्ट होत्या, आणि रोज चार हजार माणसं आत येऊन बसत, भांडत, बढत्या घेत, काही तर निवृत्तही होऊन गेली होती. पण कायदा असा होता की इमारत पुरी झाली की घरपट्टी सुरू होते; बांधकाम चालू असेल तोवर फक्त खालच्या जमिनीचा किरकोळ कर. कंपनीच्या वकिलांनी हा कायदा वाचला, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत एका भिंतीला गिलावा करायचा नाही असं ठरवलं. भिंत नुसती उघडी ठेवून मात्र भागत नव्हतं. काम चालू दिसायला हवं होतं. त्यासाठी ओळंबा ठेवला होता.

वर्षातून एकदा करखात्याचे तपासनीस येत. त्या दिवशी ओळंबा परांचीवर उभा असे आणि अर्ध्या भिंतीवर ओला माल असे. तपासनीस मालाला बोट लावत, बोट रुमालाला पुसत, वहीत 'काम चालू' असं लिहीत आणि चहा घेऊन जात. ते गेले की ओळंबा छिन्नी घेऊन सगळा गिलावा पाडी, विटा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करी आणि पुन्हा डावीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात करी. माल एकास दहाचा, म्हणजे नावाला सिमेंट, बाकी वाळूच वाळू. सुनेच्या माहेरी जाऊन सासूने केलेल्या कौतुकासारखा: दिसायला दाट, पण टिकायचा नाही.

"लोकांचे नवरे घरं बांधतात," त्याची बायको म्हणे, "आमच्या यांनी एक भिंत धरलीय. ती होतही नाही आणि सोडवतही नाही."

तसं घर ओळंब्यानेही बांधलं होतं. दोन खोल्या, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने, नऊ वर्षांपूर्वी. तीन भिंतींना असा गिलावा की हात फिरवावा. मागची भिंत मात्र त्याने मुद्दाम उघडी ठेवली होती. विटांचा भुगा अंथरुणात पडे, पिठात पडे, बायकोला शिंका येत.

"अहो, एवढी एक भिंत करून टाका ना. गवंड्याच्या घरात विटा दिसतात, शेजारणी हसतात मला."

"हसू दे. त्या घरपट्टी भरतात. आपण भरतो का?"

"आपण शिंकतो."

"अगं, कंपनीचे वकील काय खुळे आहेत? त्यांना जे कळतं ते फुकटात शिकायला मिळालंय आपल्याला."

नऊ वर्षं हे शहाणपण सुखाने चाललं. मग करखात्यात वरून हुकूम आला की वसुली कमी पडते आहे, घराघरांत जाऊन बघा. आणि एका दुपारी ओळंबा जेवायला बसला असताना दारात तपासनीस उभे राहिले. तेच. आठच दिवसांपूर्वी एकविसाव्या मजल्यावर त्यांनी त्याच्या मालाला बोट लावलं होतं.

ओळंब्याला बरंच वाटलं. ओळखीचा माणूस. त्याने ताट बाजूला सारलं आणि त्यांना थेट मागच्या भिंतीपाशी नेलं.

"बघा साहेब. काम चालू आहे."

तपासनिसांनी कोरड्या विटेला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं. "गवंडी कुठे आहे?"

"मीच की. तुम्ही ओळखता मला."

"तुम्ही तर जेवताय."

"गवंडी जेवतो साहेब अधूनमधून."

"किती वर्षं चालू आहे हे?"

"नऊ."

"नऊ वर्षं एक भिंत?" तपासनिसांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "चांगला धडधाकट माणूस तुम्ही. लाज कशी वाटत नाही?"

मग ते घरात हिंडले आणि जे दिसेल ते लिहून घेत गेले: चूल पेटलेली, दोरीवर ओले कपडे, पलंग एक, बायको एक. "घर राहतं आहे. म्हणजे पूर्ण आहे."

"साहेब, कंपनीत चार हजार माणसं बसतात!"

"ती बांधकामावर देखरेख करायला बसतात. अर्जात तसं लिहिलंय त्यांच्या."

"मग मीही देखरेख करतो. ही पण करते. दिवसभर त्या भिंतीकडेच बघत असते, विचारा तिला."

"भिंतीकडे बघत मी शिंकते," बायको म्हणाली.

तपासनिसांनी तेही लिहून घेतलं.

आठवड्याने नोटीस आली. नऊ वर्षांची घरपट्टी, तिच्यावर व्याज, आणि वर दंड, कारण घर लपवण्याचा हेतू सिद्ध होत होता. पेशाने गवंडी असल्यामुळे आपली भिंत अपुरी आहे हे संबंधितास ठाऊक नव्हते असे मानता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सगळं मिळून तेरा महिन्यांची मजुरी. तीस दिवसांत भरा, नाहीतर घराला सील आणि मग लिलाव.

बायकोने नोटीस दोनदा वाचून घेतली. "घर जाईल?"

"नाही जाणार."

"तुमच्या वकिलांना विचारा की. फुकटात शिकवलंय ना त्यांनी?"

ओळंबा वकिलांकडे गेला नाही, मॅनेजरकडे गेला. मॅनेजर गोड माणूस. नोकरांना नावाने हाक मारणारा, लिफ्टमध्ये मुलाबाळांची चौकशी करणारा.

"काय ओळंबेराव! बसा, बसा. अरेरे, वाईट झालं. पण कर भरला पाहिजे हो. रस्ते कुठून येणार? दवाखाने कुठून येणार?"

"भरतो साहेब. उचल द्या थोडी."

"दिली असती. पण उचल कायम माणसाला देता येते. तुम्ही तात्पुरते."

"अकरा वर्षं झाली साहेब."

"कामच तात्पुरतं आहे ना. माणूस कायम कसा दाखवू?" आणि त्याने कंपनीचं एक छान कॅलेंडर ओळंब्याच्या हातात दिलं.

जिन्याने उतरता उतरता, सोळाव्या मजल्याच्या आसपास, ओळंब्याला आपल्याच पैशांची आठवण झाली. बांधकामावर रीतच असते: आठवड्याच्या मजुरीतला दहावा हिस्सा मालक राखून ठेवतो आणि काम पुरं झालं की एकरकमी देतो. ओळंब्याचाही दहावा हिस्सा अकरा वर्षं राखला जात होता. अकरा वर्षांत मजुरी एका पैशाने वाढली नव्हती, त्यामुळे हिशेब सोपा होता. तेरा महिन्यांची मजुरी, वर थोडी सुटी नाणी. भिंत पुरी झाली की ती त्याची. इतकी वर्षं त्याने हा विचार केला नव्हता, कारण भिंत पुरी म्हणजे नोकरी पुरी. पण नोकरी दुसरी मिळते. घर बांधायचं तर पुन्हा तेवढ्या सुट्ट्या कुठून आणायच्या?

तेविसाव्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या वेळेला एकविसाव्या मजल्यावर गेला आणि आतून कडी लावली. वाळू बारीक चाळणीने चाळली. माल एकास चारचा कालवला. विटांच्या सांध्यांतली सगळी धूळ काढली, भिंतीला पोटभर पाणी पाजलं. पहिला हात दुपारपर्यंत झाला. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, मग सपाटीसाठी लाकडी रंधा, मग ओल्या स्पंजाने घोटाई. उजवीकडचा कोपरा भरताना त्याची थापी क्षणभर अडली. अकरा वर्षांत हा कोपरा त्याने कधी भरलाच नव्हता. भरला, घोटला आणि मागे सरून पाहिलं. खिडकीतून आडवा उजेड भिंतीवर पडला होता आणि त्याला सावली पाडायला कुठे एक फुगवटाही सापडत नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो करखात्यात जाऊन स्वतः सांगून आला: एकविसाव्या मजल्यावरचं काम झालं, येऊन बघा.

तपासनीस आले. मॅनेजर आला. भिंतीसमोर तिघे उभे राहिले. तपासनिसांनी बोट लावलं. बोटाला काही लागलं नाही. मग त्यांनी सगळा तळहात टेकवला आणि सावकाश फिरवला.

"वा," ते म्हणाले. "हाताला हे होतं तुमच्या?"

"होतं साहेब. माझी राखलेली रक्कम मिळाली की तुमची घरपट्टी आजच भरतो. आणि यांची आता सुरू होईल."

मॅनेजर रागावला नाही. त्याने खिशातून फोन काढला, खिडकीशी जाऊन दोन मिनिटं बोलला आणि हसत परत आला.

"ओळंबेराव, काम झक्क आहे. पण मला पसंत नाही."

"काय पसंत नाही?"

"ते अजून ठरायचंय."

ओळंब्याने तपासनिसांकडे पाहिलं. तपासनिसांनी हात भिंतीवरून काढून घेतला होता. "इमारत पूर्ण झाल्याचा दाखला मालकाने द्यायचा असतो," ते म्हणाले. "मालकाला काम पसंत नसेल तर ते झालं असं मला म्हणता येत नाही."

"मग माझ्या घराचा मालक मी आहे! मलाही माझी भिंत पसंत नाही. बायकोला विचारा, तिला तर मुळीच नाही."

"तुमच्यासारख्या छोट्या घरांना दाखल्याची अट नाही. गरीब माणसाला कागदांचा त्रास नको म्हणून सरकारने सूट दिली आहे. आम्हीच बघून ठरवतो."

त्यांनी वहीत 'काम चालू' असं लिहिलं. मग चहा आला.

चहा झाल्यावर मॅनेजरने ओळंब्याला बाजूला घेतलं. "हे बघा, मी काही तुम्हाला काढत नाही. माणसं काढणारा माणूस नाही मी. एवढं पाडून टाका, आणि पुन्हा नेहमीसारखं सुरू करा. पाडायचा खर्च राखलेल्या रकमेतून वळता करू. नापसंत काम पाडायचं असलं की तसंच करतात, तुम्हाला रीत ठाऊकच आहे."

"किती खर्च?"

"ते पाडायला किती दिवस लागतात त्यावर."

ओळंब्याने छिन्नी घेतली. एकास दहाचा माल असता तर जेवायच्या सुट्टीपर्यंत भिंत मोकळी झाली असती. पण हा एकास चारचा होता, पाणी पाजलेल्या विटांवर, दोन हातांचा, घोटलेला. पहिल्या घावाला छिन्नी उलटून त्याच्याच अंगठ्यावर बसली. संध्याकाळपर्यंत फूटभर जागा निघाली. दुसऱ्या दिवशी गिलाव्याबरोबर विटांचे टवके उडायला लागले, तेव्हा मॅनेजर दारातून म्हणाला, "विटा सांभाळा हं, कंपनीच्या आहेत." चौथ्या दिवशी त्याने डोक्याला फडकं बांधलं आणि भरून आलेल्या उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने हातोडा धरला. इतका चिवट गिलावा कुठल्या गाढवाने केला, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

भिंत मोकळी व्हायला दहा दिवस लागले. नोटिशीचे तीस दिवस मधेच कुठेतरी संपले. त्या दिवशी बायकोने घराबाहेर काढलेलं सामान रस्त्याच्या कडेला नीट लावलं, सील लावणाऱ्यांना प्यायला पाणी दिलं आणि पलंगावर बसून राहिली. संध्याकाळी ओळंबा आला तेव्हा म्हणाली, "बसा. भुगा नाही पडत इथे."

पाडण्याच्या खर्चात मजुरी होती, सिमेंटची नासाडी होती, फुटलेल्या विटा होत्या, आणि कंपनीच्या वकिलांच्या फोनवरच्या दोन मिनिटांचे पैसे होते. ते सगळ्यांत जास्त होते. राखलेली रक्कम संपली. मॅनेजरने ओळंब्याकडून सही घेतली आणि यापुढच्या आठवड्यांचा दहावा हिस्सा पुन्हा राखायला सुरुवात केली.

लिलाव महिन्याने झाला. तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनीही घराला फेरी मारली आणि मागच्या भिंतीपाशी थांबून नाकं मुरडली. खात्याच्या मूल्यमापकाने कागद वाचून दाखवला: बांधकाम अपूर्ण, मागील भिंतीस गिलावा नाही, सबब निम्मी किंमत.

बायको गर्दीतून पुढे आली. तपासनीस तिथेच खुर्चीवर बसले होते.

"साहेब, घर अर्धं की पुरं ते एकदा सांगा ना. कर लावलात तेव्हा पुरं होतं."

"लावताना पुरंच होतं बाई," तपासनीस म्हणाले. ते काही वाईट माणूस नव्हते, त्यांनी खुर्ची तिच्यापुढे केली. "पण विकताना गिऱ्हाइकाला फसवता येत नाही. सरकारी काम आहे."

घर निम्म्या किमतीत गेलं. ती किंमत करात वळती करून झाल्यावर खाली बाकी राहिली: सहा महिन्यांची मजुरी. ती आठवड्याच्या मजुरीतून दहाव्या हिश्शाने कापून घ्यावी आणि फिटेपर्यंत माणसाला कामावरून सोडू नये, असं खात्याने कंपनीला कळवलं. आता दर आठवड्याला ओळंब्याचे दोन दहावे हिस्से जातात, एक खात्याला आणि एक मालकाकडे राखायला. उरलेल्यात नवरा-बायको एका भाड्याच्या खोलीत राहतात. खोलीच्या चारी भिंतींना गिलावा आहे आणि चारी भिंतींना ओल आहे.

खात्याचं पत्र कंपनीत पोचलं त्या दिवशी मॅनेजर मुद्दाम लिफ्टने एकविसाव्या मजल्यावर आला. ओळंबा डावीकडच्या कोपऱ्यात एकास दहाचा माल थापत होता. मॅनेजरने बोटांवर हिशेब केला.

"दहाव्या हिश्शाने सहा महिन्यांचे झाले साठ. म्हणजे पाच वर्षं! चला, बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा सुटकेचा आनंद होता. "मला आपली धास्ती होती, नाराज होऊन सोडून जाता की काय. घरी वहिनी बऱ्या आहेत ना?"