पितळी डबा आणि ढेकणांचं गणित

मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. जुना म्हटलं, मोडका नाही. कडी अजून खटकन लागते.

मालवणात एका तांबटाने मला ठोकून घडवलं. विमलाबाईंच्या सासूबरोबर मी दहिसरच्या चाळीत आलो. आल्यागेल्याने माझ्यातलं पान खाल्लं आणि माझी तारीफ केली. मग विमलाबाईंच्या रक्तात हेपटायटिस बी निघाला. डॉक्टरांनी पान सोडवलं. सुपारीच्या जागी गोळ्यांच्या पट्ट्या आल्या. सून श्वेताने प्लास्टिकची डबी आणली, तर बाई म्हणाल्या, “ती तुझ्या आईला दे. माझं औषध पितळेतच राहील.”

एकदा रिपोर्ट आला, रक्तात व्हायरस सापडला नाही. बाई गावच्या देवीला नवस बोलल्या होत्या. त्यांनी ओटी भरली, नारळ फोडला आणि गोळ्या बंद केल्या! “नवस फेडून वर गोळी घेऊ? देवी म्हणेल, हिचा माझ्यावर विश्वासच नाय.”

माझ्यात पुन्हा सुपारी आली. मित्रांनो, एके काळी मी तिच्यावर मिरवलो होतो. आता ती पोटात टोचत होती.

नात गंधाली गणितातली. शरीरात व्हायरस कसा घटतो, कसा वाढतो, हे ती समीकरणांनी मांडते. त्याचा डॉक्टरांना औषध ठरवताना उपयोग होतो. तिने आजीच्याच जुन्या रिपोर्टांवरून कॉम्प्युटरवर दोन रेघा काढल्या.

“बघ आजी, गोळ्यांनी ही रेघ खाली आली. पण लिव्हरमध्ये तो लपलाय. गोळ्या थांबल्या, की बहुतेक ही दुसरी रेघ. सरळ वर.”

“भविष्य सांगतेस? पोपट कुठाय तुझा?”

“पोपट नाही गं, तुझेच आकडे आहेत.”

बाईंनी वर जाणाऱ्या रेघेवर बोट ठेवलं. “म्हणजे ढेकणांसारखं. खाटेवर उकळतं पाणी ओतलं की एक दिसत नाय. पण सांध्यात अंडी तशीच.”

“मग काय करायचीस?”

“परत पाणी. अंडी संपेस्तोवर.”

“ही अंडी संपत नाहीत, आजी.”

“मग माझं पाणीपण नाय संपणार!”

सुपारी ताटलीत ओतली गेली. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या, हे विचारायला गंधालीने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. बाईंनी देवीच्या तसबिरीला हात जोडले. “बाये, नारळ तुझा, गोळी माझी. रागावायचं तर खुशाल रागाव.”

मित्रांनो, दिसत नाही म्हणजे गेलं असं समजू नका. औषध आपल्या मनाने बंद करू नका. आणि माझे डाग बघून भंगारवाल्याला हाक मारणाऱ्यांनो, आधी सकाळी येऊन कान द्या. बाई गोळी काढतात, तेव्हा माझी कडी वाजते. खटकन. ती वाजतेय तोवर बाईही इथेच, आणि मीही.