अस्तराखालचे नाव

मित्रांनो, मला उघडायचे असेल तर आधी डावी कडी दाबा, मग उजवी. उलट केलेत तर मी अडून बसते आणि मग लोक मला उगाच थापट्या मारतात. मी एक जुनी, लहान मुलीच्या हाताला पेलेल एवढीच सूटकेस आहे. जन्मले जर्मनीत, वय ऐंशीच्या वर, आणि सध्या माझा मुक्काम पिंपरीत, संत तुकाराम नगरातल्या एका सीट कव्हरच्या दुकानात आहे. एका बाजूला फोमचा ढीग, दुसऱ्या बाजूला रेक्झिनचे गठ्ठे. इथे मला सगळे पेटी म्हणतात. मला ते आवडले. घरातल्यासारखे वाटते.

माझा जन्म लढाईच्या दिवसांतला. चामडे सगळे सैनिकांच्या बुटांना जात होते, म्हणून माझे अंग जाड पुठ्ठ्याचे केले आणि चामडे फक्त कोपऱ्यांना लावले. कड्या मात्र अस्सल पितळेच्या आहेत. त्यांचा मला अजून तोरा आहे. मला विकत घेतले मेजर योआखिम हालवेग नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्यांनी, आपल्या सात वर्षांच्या मुलीसाठी. तिचे नाव रेनाटे. बर्लिनवर बॉम्ब पडत होते, म्हणून तिला आईबरोबर खेड्यात मावशीकडे पाठवायचे होते. वाटेतल्या गर्दीत पोर हरवली तर? मेजरांनी ब्रश घेतला आणि माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पुठ्ठ्यावर, काळ्या रंगाने लिहिले : 'रेनाटे. योआखिम हालवेग यांची मुलगी.' एवढे मोठे साहेब, पण अक्षर चांगले यावे म्हणून जिभेचे टोक बाहेर काढून बसले होते.

त्या काळी जर्मनीवर हिटलरची सत्ता होती. त्याच्या राजवटीने लाखो ज्यू माणसांना, म्हाताऱ्यांना, बायकांना, तान्ह्या मुलांनासुद्धा ठार केले. मेजर त्याच राजवटीच्या सैन्यात होते. खोटे कशाला सांगू, बरीच वर्षे तेही सलाम ठोकत होते. मग पूर्वेकडच्या, जिंकलेल्या मुलखातल्या हत्यांचे कागद त्यांच्या टेबलावर येऊ लागले आणि त्यांना जेवण जाईना. त्यांच्यासारखे आणखीही काही अधिकारी होते. हुकूम पाळण्याची शपथ घेतलेल्या या माणसांनी आत राहूनच या राजवटीला आडवे जायचे ठरवले.

एका रविवारी मेजर मावशीच्या घरी आले, रेनाटेच्या खाटेवर बसले आणि माझ्या कड्यांना तेल घालता घालता बायकोला म्हणाले, "मी फार उशिरा जागा झालो, एल्झे. पण आताही गप्प बसलो तर या पोरीच्या डोळ्यांकडे बघता येणार नाही मला."

तेल घालायला त्यांनी फार वेळ लावला. कड्या तर नव्याच होत्या.

जुलै १९४४ मध्ये या अधिकाऱ्यांनी आखलेला हिटलरला मारण्याचा बेत फसला. मेजरांना पकडले आणि मारून टाकले. याहून जास्त मला सांगवत नाही, मित्रांनो.

आईला तुरुंगात घातले आणि रेनाटेला डोंगरातल्या एका बालगृहात नेले. मीही तिच्या हातात होते. तिथे अशाच अधिकाऱ्यांची मुले आणलेली होती. त्यांना सांगण्यात आले की आजपासून तुमची आडनावे वेगळी, जुनी विसरा. रेनाटे हालवेगची रेनाटे म्युलर झाली. माझ्या आतले नाव दुसऱ्या दिवशी खरवडून काढणार होते. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईने भिंतीला लावायच्या कागदाचा एक तुकडा आणला, त्याला खळ लावली आणि नावावर चिकटवून टाकला. खळ ओली होती तोवर रेनाटे त्यावर तळहात ठेवून बसली होती. तो लहानसा हात मला अजून आठवतो.

लढाई संपली. आई सुटली, मायलेकींची भेट झाली. मला वाटले, आता कागद निघेल. नाही निघाला. हिटलर गेला, पण शेजारीपाजारी तेच होते. ज्यांची मुले आघाडीवर मेली ती माणसे म्हणत, आमची पोरे लढत होती आणि हा आतून फितूर झाला. शाळेत रेनाटेला कुणी विचारले, तुझे वडील कुठे असतात? ती म्हणाली, लढाईत मेले. घरी येऊन तिने मला उघडले आणि त्या कागदाच्याही वर निळ्या कापडाचे अस्तर लावले. नऊ वर्षांच्या पोरीचे टाके, सगळे वेडेवाकडे. मी तिच्यावर रागावले नाही. पण मला फार वाईट वाटले.

त्यानंतर माझ्यात आधी लोकरीचे गुंडे राहिले, मग बटणे, मग कुणालाच नको असलेले पडदे. शेवटी मी माळ्यावर गेले आणि तीस वर्षे तिथेच काढली. उंदरांनी माझी चव घेऊन बघितली आणि सोडून दिले. रेनाटे म्हातारी होऊन वारली, तेव्हा तिच्या मुलीने, उटेने, मला खाली काढले. उटे इंजिनियर आहे. तिचे केस पिकले तरी ती माझ्या डोळ्यांदेखत जन्मलेली, म्हणून मी तिला अगं-तुगंच करते. चाकणच्या एका कंपनीत तिची दोन वर्षांसाठी नेमणूक झाली आणि मी तिच्याबरोबर चिंचवडच्या फ्लॅटमध्ये आले. मराठी ती कारखान्यातच शिकली. त्यामुळे तिचे व्याकरण लंगडे, पण 'चालतंय की' मात्र अगदी ठसक्यात म्हणते.

इथल्या ओलसर हवेने माझे अस्तर फुगले आणि त्याला बुरशी धरली. जुन्या सूटकेसा दुरुस्त करणारे आता कोण उरले आहे? कुणीतरी सुचवले, गाड्यांची सीट कव्हरे शिवणाऱ्या कस्तुराबाईंकडे द्या, त्यांचा हात चांगला आहे. अशी मी या दुकानात आले आणि दोन आठवडे कामाच्या रांगेत पडून राहिले. त्या दोन आठवड्यांत मला या घरची सगळी हकीगत कळली.

कस्तुराबाईंचे यजमान दादासाहेब येळवंडे आणि मुलगी हर्षाली, सहावीत शिकणारी. मूळचे चाकणपलीकडच्या एका गावचे. गेल्या वर्षापर्यंत दादासाहेब एका कारखान्यात तपासनीस होते. गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासायचे आणि चांगल्या मालावर ओकेचे लेबल लावायचे, हे त्यांचे काम. एकदा सबंध लॉटमध्ये बारीक चिरा निघाल्या. साहेबांनी सांगितले, लेबल लाव. दादासाहेबांनी लावले नाही. साहेबांनी ते दुसऱ्याकडून लावून घेतले, तेव्हा दादासाहेबांनी माल घेणाऱ्या कंपनीला सरळ कळवले. माल परत आला, काम बंद पडले, आणि आसपासच्या गावांतली चाळीस कंत्राटी पोरे घरी बसली. दादासाहेबांची नोकरी गेली, ते वेगळेच. गावात लोक म्हणू लागले, आपलाच माणूस फितूर झाला. पारावर दादासाहेब बसले की बाकीचे उठू लागले. म्हणून हे कुटुंब इकडे राहायला आले. आता दादासाहेब बायकोच्या दुकानात, प्लायच्या आडोशामागे, रेक्झिन कापतात. अजूनही प्रत्येक शिवण अंगठ्याने चाचपून बघतात.

मित्रांनो, या दोन गोष्टी मी सारख्या मानत नाही. तिकडे लाखो जीव गेले, इकडे नोकऱ्या गेल्या. पण मुलीचा उतरलेला चेहरा मी दोन्हीकडे तोच पाहिला.

इथली एक रीत मला फार गोड वाटते. मुलांच्या नावात मधोमध वडिलांचे नाव असते. दर जूनमध्ये दादासाहेब लेकीच्या वह्यांना खाकी कव्हरे घालत आणि लेबलावर स्वतः लिहीत, हर्षाली दादासाहेब येळवंडे. या वर्षी नव्या शाळेत जाताना ती म्हणाली, "माझी मी लिहिते, पप्पा." आणि तिने लिहिले, नुसते हर्षाली येळवंडे. त्या वह्या माझ्या शेजारीच पडलेल्या असत. दादासाहेब येता-जाता त्यांच्याकडे बघत आणि आत जात. गावाकडचे कुणी गिऱ्हाईक आले आणि चौकशी केली, तर हर्षाली सांगे, मी इथे मावशीकडे शिकायला असते. आडोशामागे ते स्पष्ट ऐकू जाई. त्या वेळी मला दादासाहेबांची इतकी दया येई की माझे झाकण मिटून घ्यावेसे वाटे.

एका दुपारी माझी पाळी आली. उटेही काम बघायला आली होती. कस्तुराबाईंनी ब्लेडने टाके उसवले, निळे अस्तर ओढले, आणि त्याच्याबरोबर तो जुना कागदही निघून आला.

"मॅडम, आत काहीतरी लिहिलंय," कस्तुराबाई म्हणाल्या. "वरून नवीन रेक्झिन चिकटवून टाकू ना? स्वच्छ दिसंल."

उटे वाकली, आणि मग स्टूल ओढून तिथेच बसली. आईने तिला आजोबांबद्दल सगळे सांगितले होते, पण हे अक्षर तिने कधी पाहिले नव्हते.

"काय लिहिलंय?" हर्षालीने विचारले.

"रेनाटे. योआखिम हालवेग यांची मुलगी. रेनाटे माझी आई. आणि हा माझा आजोबा." मग तिने मोडक्या मराठीत तेच सांगितले जे मी तुम्हाला सांगितले आहे.

हर्षाली ऐकत राहिली. मग म्हणाली, "पण तुमच्या आईने हे झाकलं कशाला?"

"लाज वाटली. सगळे म्हणत होते, तुझा बाबा फितूर. शाळेत आई खोटी बोलली."

"पण ते तर बरोबर होते ना?"

"बरोबर होते. लोकांना ते खूप वर्षांनी कळला. मग गावाच्या शाळेत आजोबाचा फोटो लावला. तेव्हा आई सगळ्यांना सांगायची, मी त्याची मुलगी. पण मला म्हणायची, उटे, आता काय, आता सोपं आहे. अवघड होतं तेव्हा मी नाही सांगितलं. याचा तिला मरेपर्यंत वाईट वाटला."

हर्षाली खाली बघून दोऱ्याचे तुकडे गोळा करू लागली. कस्तुराबाईंनी डोळे पुसले आणि कामाचे बोलल्या. "मग मी यावर अस्तर न्हाई लावत. एवढ्या जागेला खिडकी ठेवते. वर आमचं पारदर्शक प्लास्टिक बसवते, धूळ बसायची न्हाई."

"चालतंय की," उटे म्हणाली. या वेळी तिला ते ठसक्यात जमले नाही.

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी कस्तुराबाई दोरा आणायला गेल्या होत्या, दादासाहेब आत कापड कापत होते आणि हर्षाली बाहेर मशीनपाशी बसली होती. मी नव्या अस्तरात, नटून, फळीवर. इतक्यात एक म्हातारे गृहस्थ आले. टोपी, पांढरा सदरा, हातात पिकअपची किल्ली. त्यांचे नाव सोनबा, हे नंतर कळले.

"सीट फाटलीया गाडीची. कोन हाय का मापं घ्यायला?"

"आई येईल पाच मिनिटांत. बसा ना, आजोबा."

ते बसले. तिच्याकडे निरखून बघत म्हणाले, "आमच्या बाजूची दिसतीस. तू कुणाची गं?"

आतली कात्री थांबली. मला ती थांबलेली ऐकू आली, आणि हर्षालीलाही. मावशीचे नाव तिच्या अगदी ओठांवर आले असणार, कारण तिने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

"दादासाहेब येळवंड्यांची," ती म्हणाली.

सोनबांचा चेहरा बदलला. "त्या ब्रेकवाल्याची? पोरी, माझा पोरगा समाधान आठ महिनं घरी बसलाय तुझ्या बापापायी. ठाव हाय का तुला?"

नव्या शाळेत लपवून ठेवलेली गावची बोली आपोआप तिच्या तोंडात आली. "ठाव हाय, आजोबा. समाधानदादाचं मला लई वाईट वाटतं. तरी मी त्यांचीच हाय."

सोनबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग उठले, किल्ली खिशात टाकली आणि पायरीपाशी जाऊन मागे न बघता म्हणाले, "बापाला सांग, सोनबा येऊन गेला." ते रागाने म्हणाले की कसे, मला कळले नाही. ते परत येतील का, हेही मला ठाऊक नाही.

दादासाहेब आडोशामागून बाहेर आले. डोक्यात, मिशीत फोमचे कण अडकलेले. हर्षाली त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा, गिऱ्हाईक गेलं माझ्यामुळं."

"जाऊ दे," ते म्हणाले. "जाऊ दे, बाळा." आणि फोमच्या ढिगावर बसून त्यांनी दोन्ही हातांत तोंड लपवले. हर्षाली त्यांच्याजवळ उभी राहून त्यांच्या केसांतला एक एक कण वेचत राहिली.

मित्रांनो, सोमवारी उटे मला घेऊन जाईल. मी आता फार वर्षे टिकेन असे नाही, पुठ्ठ्याला वयाची मर्यादा असते. म्हणून एवढीच विनवणी करते. जुन्या वस्तूचे अस्तर बदलाल तेव्हा खाली काय आहे ते आधी बघा, आणि नाव असेल तर ते राहू द्या. आणि तुम्हाला कुणी विचारले, तू कुणाचा, तू कुणाची, तर खाली बघू नका, ऐकू जाईल असे सांगा. आत कुणीतरी हातातले काम थांबवून ऐकत असते.