उज्वलाताईंनी निवडलेला रॅक

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रॅक आहे. तुमच्या घरात पुस्तकांसाठी असतो तसला नव्हे. मी चांगला तीन मजली उंच आहे. जाड फळ्यांचा मोठा पाट असतो, त्याला पॅलेट म्हणतात. पॅलेटवर खोकी नाहीतर पोती रचायची आणि फोर्कलिफ्ट नावाच्या गाडीने ती उचलून माझ्या मजल्यावर ठेवायची, असे आमचे काम. सध्या माझा मुक्काम निफाडजवळच्या एका गोदामात आहे आणि माझे अगदी मजेत चालले आहे.

माझा जन्म नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझे खांब केले, त्यांना भोके पाडली, निळा रंग दिला. आडव्या तुळयांना नारिंगी रंग मिळाला. पहिली नोकरी सातपूरला, मोटारींचे सुटे भाग ठेवणाऱ्या कंपनीत. अकरा वर्षे मी तिथे ताठ उभा होतो. एकही पेटी माझ्यावरून खाली पडली नाही. पुढे कंपनी दुसऱ्या गावी गेली आणि मला उकलून जुन्या सामानाच्या यार्डात आडवे टाकले. दोन वर्षे मी तिथे पडून होतो. माझ्या भोकांतून एरंड उगवला. लोक यायचे, बुटाने मला ढोसून पाहायचे आणि निघून जायचे.

एके सकाळी उज्वलाताई आल्या. शेतीची औषधे आणि खते यांचे त्यांचे गोदाम. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ रविराज आणि वीस वर्षे त्या गोदामात माल रचणारे लहानूदादा होते. आठवड्यापूर्वीच तिथली पोत्यांची थप्पी कोसळली होती. लहानूदादा जेवणाचा डबा धुवायला उठले आणि ते बसले होते त्या जागी चाळीस पोती येऊन आदळली. त्याच दिवशी ताईंनी ठरवले, आता माल रॅकवरच ठेवायचा.

यार्डाच्या मालकांनी आधी माझ्या शेजारचा रॅक दाखवला. त्यात एकामागे एक अशी चार पॅलेट आत शिरत.

"एवढ्याच जागेत दीडपट माल मावतो," ते म्हणाले.

"ताई, हाच घेऊ!" रविराज लगेच म्हणाला.

लहानूदादांनी डोके खाजवले. "शेठ, मागचं खोकं आधी काढायचं झालं तर?"

"पुढचं सगळं काढायचं, मग मागचं."

"मंग झालं! घाईच्या टायमाला कोन काढतंय? जुनं औषध मागंच बसून म्हातारं व्हनार. गेल्या साली थप्पीत बी तेच झालं."

ताई गंभीर झाल्या. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "आणि हा?"

"यात प्रत्येक पॅलेट समोरच. हवं ते काढा. पण माल कमी मावेल."

"कमी मावला तरी चालेल. शेतकऱ्याच्या हातात मुदत संपलेलं औषध जायला नको."

मित्रांनो, माझा आनंद गगनात मावेना! पण ताईंनी लगेच होकार दिला नाही. भरलेल्या पॅलेटचे वजन, गोदामाच्या छताची उंची, फोर्कलिफ्टला वळायला लागणारी जागा, सारे त्या मोजून आल्या होत्या. माझ्या एकेका खांबाला त्यांनी दोरी लावून पाहिली आणि वाकलेले दोन खांब बाजूला काढले. थोडे वाईट वाटले, पण इतके निरखून पाहणारे कोणी मला प्रथमच भेटत होते.

गोदामात माझे पाय नव्या काँक्रिटमध्ये बोल्टने घट्ट बसवले. कोणत्या मजल्यावर किती वजन ठेवायचे, याची पाटी लावली. फोर्कलिफ्ट चालवायला देवळाली कॅम्पची हर्षाली आली. लष्करातल्या जवानाची ही लेक यंत्र असे चालवी, की पॅलेट टेकल्याचा आवाजसुद्धा होत नसे. लहानूदादा खोक्यांवर खडूने तारखा लिहीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आता बोला! लय भारी हाय का नाय?"

मग द्राक्षांच्या फवारणीचा हंगाम आला. दारात नामपूरच्या दुकानदाराचा ट्रक उभा होता. सगळे जेवायला गेलेले. हर्षाली एकटीच घाईघाईने माल काढत होती. मागे येताना फोर्कलिफ्टचा कोपरा माझ्या कडेच्या खांबाला लागला. खांब चेपला. बाहेरून फार काही दिसत नव्हते, पण मला आतून कळ गेली. माझ्या डोक्यावर चार टन माल होता.

कोणीही पाहिले नव्हते. हर्षाली खाली उतरली, चेपल्या जागेवरून तिने हात फिरवला आणि थेट ताईंसमोर जाऊन उभी राहिली. "ताई, माझ्याकडून धक्का लागला."

रविराजने वाकून पाहिले. "एवढ्यानं काय होतंय? आधी ट्रक भरू दे. नामपूरचे सकाळपासून थांबलेत."

"थांबू देत," ताई म्हणाल्या. "रवी, त्यांना फोन कर. लहानूदादा, इकडे कोणाला येऊ देऊ नका. हर्षाली, वरून एकेक पॅलेट उतरव. सावकाश."

हर्षालीने सारा माल सुखरूप उतरवला. ट्रक तीन तास उशिरा गेला. दुसऱ्या दिवशी कारागिरांनी तो खांब सोडवला, तेव्हा मागच्या बाजूला भोकापासून भोकापर्यंत चीर गेलेली दिसली. रविराजने त्या चिरेवरून बोट फिरवले. मग हर्षालीला म्हणाला, "तू सांगितलं नसतंस, तर मी इथंच खाली उभा राहून ट्रक भरून घेतला असता."

मला नवा खांब मिळाला. रविराजने स्वतः उभे राहून माझ्या प्रत्येक पायाभोवती जाड पिवळे कठडे बसवून घेतले.

मित्रांनो, आम्हा लोखंडाच्या वस्तूंना 'दुखतंय' असे म्हणता येत नाही. आमच्यावर झेपेल तेवढेच ओझे ठेवा. अधूनमधून आमच्या पायांकडेही पाहा. आणि चुकून धक्का लागलाच, तर लपवू नका.

गेल्या सोमवारी दोन नव्या मुली फोर्कलिफ्ट शिकायला आल्या. हर्षाली त्यांना म्हणाली, "यंत्र नंतर. पहिला धडा हा, की धक्का लागला तर लगेच सांगायचं. इथं कोणी रागवत नाही."

"आणि मी रागावलोच," पलीकडून रविराज ओरडला, "तर खुशाल ताईला सांगा!"