दोन इंजिनांची होडी

समीक्षाने दोन्ही हातांनी बोट पिंपातल्या पाण्यात दाबून धरली आणि हनुवटीने रिमोटकडे खूण केली.

"बाबा, हळू हां. बंदूक उडवल्यासारखं नको. चिमटा काढल्यासारखं."

महादूने चिमटा काढला. पिंपातलं पाणी उभं राहिलं, भिंतीवर गेलं, तिथून दोरीवरच्या लुगड्यावर आलं आणि उरलंसुरलं कृष्णाबाईच्या चहात पडलं.

"आता हाच च्या तू पी," कृष्णाबाईने कप नवऱ्यापुढे सरकवला.

त्याने तो मुकाट्याने प्यायला. चहाची चव बदलल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याचे डोळे बोटीवर होते.

बोट होती दीड हात लांब. फायबरची, तोंडाला टोकदार, तळाला चपटी. पोटात अंड्याएवढ्या दोन मोटरी आणि मागे दोन पंखे, एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे. दोन्ही एकाच दिशेने फिरले तर बोट एका अंगावर कलते, असं समीक्षाने समजावलं होतं. एकच फिरला तर काय होतं, हे मात्र महादूला समजवायची गरज नव्हती. एकाच बाजूला वल्हं मारणारा माणूस कुठे पोचतो, ते माहुलच्या खाडीवर जन्मलेल्याला ठाऊक असतं.

समीक्षा अंधेरीच्या एका कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायची. गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी ती ही बोट जोडत होती, हिवाळ्यात पनवेलच्या बाजूला तळ्यावर होणाऱ्या शर्यतीसाठी. तळ्यात ती स्कूटरपेक्षा जोरात पळेल असा तिचा हिशोब होता. मधेच बापाने ती बोट पळवली, तीही जागेवरून न हलवता.

झालं होतं असं. आषाढात आळीची माणसं देवळात बसली होती. नारळी पुनवेला आळीचा पहिला नारळ महादूच्या घरचा. तो पाण्यात पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी आपला टाकायचा नाही. बापाचा, आज्याचा, त्याच्याही आधीपासूनचा मान. अट एकच, नारळ घरच्या होडीतून गेला पाहिजे. आणि महादूच्या होडीचा तळ शिमग्यातच गेला होता. तिच्या फळ्या आता कुणाच्या तरी कोंबड्यांवर छप्पर होऊन बसल्या होत्या. मान पुढे जाणार तो दशरथकडे, महादूच्या चुलतभावाकडे. आणि एकदा गेला की परत येत नाही, हाही आळीचा नेमच.

"होडी नाय तर मान कसला, दादा?" दशरथने सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"होडी येते," महादू म्हणाला होता. "दोन इंजिनांची."

देवळात घंटेवर बसलेली माशीसुद्धा उडाली नाही. आळीत दोन इंजिनं कुणाचीच नव्हती. संध्याकाळपर्यंत बातमी जेटीवर पोचली तेव्हा होडीत बर्फाचं यंत्र बसलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्यात झोपायच्या दोन खोल्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी तर एकाने ती रत्नागिरीच्या बंदरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. महादूने यातलं काहीही जोडलं नाही. काढलंही नाही.

"बाबा, ती केवढी आहे ते का नाही सांगितलंस?"

"कुनी इचारलंच नाय."

बोलायला तो बोलून गेला, पण त्या दिवसापासून त्याचं जेवण गेलं. घास हातात धरून तो उठायचा आणि बोटीवरची चादर उचलून पाहायचा. बॅटऱ्या चार्ज होताना पेटू शकतात हे ऐकल्यावर त्याने त्या मातीच्या कुंडीत ठेवायला लावल्या आणि कुंडीसमोर स्टूल टाकून बसला, हातात ओलं पोतं घेऊन.

"मिरवणूक बघायला बसलायस का रे?" कृष्णाबाई म्हणायची.

"बुडली तर काय गो?"

"तुझ्या तोंडाला बूच मारलं असतं तर बुडायचा इषयच नव्हता."

पहिली चाचणी भल्या सकाळी जेटीमागच्या आडोशाला घेतली. रिकामी बोट सुटली तशी पाण्याला टेकलीच नाही. रिफायनरीच्या नळांपर्यंत गेली, वळली आणि आली, तेव्हा मागचा पांढरा पट्टा अजून विरायचा होता. मग समीक्षाने पुढे नारळासाठी केलेल्या पाळण्यात नारळ ठेवला. बोट दोन हात धावली आणि तिने पाण्यात नाक खुपसलं.

महादू मटकन खाली बसला.

"वाट लागली," तो पुटपुटला.

"नाही लागली. वजन मागे घेते."

तिने पाळणा मागे सरकवला, मोटरींच्या जरा पुढे. त्याला कलती फळी बसवली. रिमोटचं दुसरं बटण दाबलं की फळी वाकायची आणि नारळ बाजूला घरंगळायचा. तिसऱ्या दिवशी तो बिनबोभाट पाण्यात पडला. महादूने नारळाला नमस्कार केला, मग रिमोटलाही.

परत निघताना जेटीवर दशरथ दिसला. त्याच्या होडीत उरणकडचे दोन अनोळखी गडी फळ्या ठोकून बघत होते. पुनवेआधी डागडुजी चालली असणार, महादूच्या मनात आलं. त्याने बोट चटकन धोतराच्या सोग्याखाली घेतली.

"कदी येते रे दादा तुझी लाँच?" दशरथने हाक मारली. "जेटीला जागा करून ठेवू का?"

"पुनवेला येल. तू तुझी होडी बाजूला घे म्हंजे झालं."

दशरथ हसला नाही. त्याने नुसती होडीच्या काठावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

पुनवेला भरती दुपारची होती. आळी नटूनथटून जेटीवर उभी राहिली, बँड लागला, आणि सगळ्यांचे डोळे खाडीच्या तोंडाकडे, कुठून येते ती लाँच. महादूने डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि बोट काढली.

पहिल्यांदा बँड थांबला. मग मागून कुणीतरी विचारलं, "झोपायच्या खोल्या कुठं हाईत गो हिच्यात?" आणि जेटी हसायला लागली. महादूचे कान तापले. त्याने दशरथकडे पाहिलं. दशरथ आपल्या होडीत सुकाणूजवळ उभा होता, मांडीएवढ्या उंचीवर नारळ धरून. तो हसत नव्हता, हेच महादूला जास्त लागलं.

"अट काय हाय?" महादू ओरडला. "घरची होडी, पान्यावर तरंगणारी. हाय का नाय?"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, "नारळ पडला पायजे. पडला तर होडी."

समीक्षा गुडघ्यावर बसून बॅटरीच्या पिना जोडत होती. तिने बजावून ठेवलं होतं, नारळ सोडून बोटीवर हळदीचं बोटही लावायचं नाही. पण तिची मान खाली होती आणि कृष्णाबाई झेंडूची माळ पुढे करत होती.

"बोडकीच पाठवतोस? पुनवेची?"

महादूच्या हातांनी माळ घेतली. त्यांना विचार करावा लागला नाही. पुढच्या टोकाला दोन गाठी, उरलेला शेपटा आत सोडायचा. दर पुनवेला ते हेच करत आले होते. मोठ्या होडीत तो शेपटा जाळ्यांवर निवांत पडून राहायचा.

समीक्षाने मान वर केली, झाकण लावलं आणि बोट सोडली. माळ तिला दिसली ती बोट पाण्यावर गेल्यावर.

बोट निघाली आणि हसणारी तोंडं तशीच उघडी राहिली. सोनेरी कागदातला नारळ पाण्यावरून उडत चालला होता, मागे पाण्याचा तुरा आणि वर झेंडूची माळ, वाऱ्याने ताणून मागे, आणखी मागे. महादूने तो शेपटा पंख्यांकडे जाताना पाहिला. त्याने तोंड उघडलं, पण शब्द यायच्या आत आवाज बदलला. दोन मोटरींतली एक गप्प झाली होती.

बोट डावीकडे वळली. वळतच राहिली.

"डावी थांबली," समीक्षा म्हणाली. तिने सुकाणू उलटं दाबलं, वेग कमी केला. फेरा मोठा झाला, सुटला नाही. तिने दुसरं बटण दाबलं. फळी हलल्यासारखी झाली, पण नारळ जागचा हलला नाही; माळ त्याच्यावरूनच ताणलेली होती.

"परदक्षिना घालतंय गो," एक बाई म्हणाली आणि तिने हात जोडले. तिच्या शेजारणीने जोडले. बघता बघता अर्धी जेटी हात जोडून उभी राहिली. समीक्षाचा अंगठा बटणावर पांढरा पडला होता.

"बॅटरी किती टिकेल?" महादूने विचारलं.

तिने बटण पुन्हा दाबलं.

तेवढ्यात दशरथचं इंजिन सुरू झालं.

होडी खुंट्यापासून सुटली आणि सरळ पाण्यात शिरली. गेला मान, महादूने मनात म्हटलं. पण दशरथने नारळ खाली पायांशी ठेवला होता. त्याने इंजिन पुरं ताणलं. बायका आणि पूजेची ताटं होडीत असताना कुणी असं ताणत नाही. त्याची बायको किंचाळली, ताट सांडलं, गुलाल उडाला, आणि होडी त्या फिरणाऱ्या चिमुकल्या बोटीच्या इतक्या जवळून गेली की लाटेने तिला उचललं, आडवी केली आणि पालथी घातली.

सोनेरी नारळ पाण्यात पडला. एकदा बुडाला, वर आला आणि ओहोटीची वाट न बघता दर्याकडे निघाला.

"पडला," म्हातारा म्हणाला.

बँड वाजायला लागला. त्यानंतर दशरथने आपला नारळ टाकला, मग बाकीच्यांनी.

संध्याकाळी आळीत एकच विषय होता. दशरथने जळफळाटाने पोरीची बोट बुडवली, पण देवाने नारळ बरोबर पाडला. ज्याला जसं जमेल तसं त्याने दशरथचं नाव घेतलं. महादू ओटीवर बसून ऐकत होता. कृष्णाबाईने करंज्या पुढे ठेवल्या, त्याने एकीला टोचा मारून ती परत ठेवली.

दिवेलागणीला दशरथ आला. काखेत टॉवेलात गुंडाळलेली बोट होती. त्याने ती समीक्षासमोर ठेवली आणि पाण्याचा तांब्या मागितला.

समीक्षाने टॉवेल सोडला. बोट गोड्या पाण्याने धुतलेली होती. तिने डाव्या पंख्याला बोट लावलं. तो भिंगरीसारखा फिरला.

"फिरतोय की," ती म्हणाली. "मग अडकला कशात? माळ कुठंय काका?"

"लाटेनं गेली आसंल."

समीक्षाने पंखा दिव्याजवळ नेला. दांड्याच्या ग्रीसमध्ये झेंडूची एक पाकळी चिकटली होती, आणि शेजारी सुरीची नवी चीर. तिने बापाकडे पाहिलं. महादू वाशाकडे पाहत होता. दशरथही वाशाकडेच पाहत होता. वाशावर काहीच नव्हतं.

"लोकं तुला शिव्या घालतात," महादू म्हणाला.

"घालू देत. बायको पन घालते. तिचा सगला गुलाल गेला."

"मान तुझ्या हातात आला व्हता, दशा."

दशरथने तांब्या वर धरून पाणी प्यायलं. तोंड पुसलं.

"ते उरनवाले सोमवारी येतात," तो म्हणाला. "होडी न्यायला. इकली ती."

बँडवाले कुठेतरी लांब अजून वाजवत होते. महादूने बाकावर सरकून जागा केली. दशरथ बसला, आणि बोटीच्या पोटातल्या त्या रिकाम्या पाळण्यात त्याने मूठ घालून पाहिली.

"काय गो समीक्षा," त्याने विचारलं, "दोन नारळ मावतील का हिच्यात?"

समीक्षाने बोट आपल्याकडे ओढली आणि कृष्णाबाईला फडताळातून मोजायची टेप आणायला सांगितली.