बागेतल्या चुन्याच्या रेघा

भूकंपात वरचा दगडी बांध सुटला आणि लिमा शहराच्या कडेला आमच्या टेकडीवरची नऊ घरं गाडली गेली. सेलेदोनियाचा नवरा त्यातच गेला. वर्षभर ती कुणाशी बोलली नाही. दवाखान्यातली नर्स गोळ्या देऊन दमली. शेवटी मी आणि फोर्तुनाता तिला हाताला धरून बायकांच्या सामाईक बागेत घेऊन गेलो. तिथं नियम एकच, कुणी काही विचारायचं नाही, नुसतं खुरपायचं. आठव्या दिवशी बीट लावताना ती म्हणाली, "इतकं दाट लावतात का गं?" डोळे दिसू नयेत म्हणून आम्ही माना खाली घातल्या.

मे महिन्यातल्या एका सकाळी धुकं विरलं, तर वाफ्यांवरून चुन्याच्या सरळ रेघा गेलेल्या. जागा बळकावून विकणाऱ्या कुणीतरी आमच्या बागेचे प्लॉट पाडले होते. आम्ही रेघा पायांनी पुसल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा होत्या, जरा जाड. तिसऱ्या दिवशी पाण्याची टाकी फुटलेली. चौकीत गेलो, तर पोलिसानं जागेचे कागद मागितले. लिमाच्या या टेकड्यांवर कागद आहेत कुणाकडे?

बायका गळू लागल्या. एकीची कंबर दुखायची, एकीच्या बहिणीचं बाळंतपण निघालं. बागेमुळे ज्यांना झोप लागू लागली होती, त्यांचे डोळे टँकरच्या रांगेत पुन्हा तारवटलेले दिसू लागले.

सेलेदोनिया दोन दिवस आली नाही, तेव्हा आम्ही तिच्या घरी गेलो. दारावर चुन्याची फुली होती. आत ती गाठोडं बांधून बसली होती.

"दोघं आले होते," ती म्हणाली. "चांगलं बोलले. विधवा बाईनं उन्हात राबू नये, म्हणाले."

"मग?"

"पोरीच्या शाळेचं नाव ठाऊक आहे त्यांना."

फोर्तुनातानं वाद घातला नाही. "पोरीला आम्ही आळीपाळीनं पोचवू. पण तू कुठंतरी जाऊन पुन्हा दार लावून बसलीस ना, तर या वेळी तुला बाहेर काढणं आम्हाला जमायचं नाही, बाई."

सेलेदोनियानं गाठोडं सोडलं. मग चपला घातल्या.

त्याच आठवड्यात ट्रक आला. तयार लाकडी भिंती घेऊन माणसं उतरली. आम्ही पाच जणी वरच्या वाफ्यांत एकमेकींना चिकटून उभ्या राहिलो. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. खालचे सहा वाफे तुडवून तीन खोल्या ठोकल्या आणि निघून गेले.

वरच्या वाफ्यांत आम्ही अजून रोज जातो. सेलेदोनिया काम करताना सारखी बोलते, पोरीच्या खोकल्याबद्दल, बटाट्याबद्दल, कशाबद्दलही. खोल्यांत कुणी राहायला आलेलं नाही. पण त्यांच्या खिडक्या बागेकडे आहेत, आणि रोज त्यातली एखादी उघडी असते.